ठसका न लागणारं बाळ

कल्पनाबाईंना राग यायला एरवी फार मोठं कारण लागत नसे, पण त्या दिवशीचं कारण चांगलं भक्कम होतं. पायात खेळाचे बूट घातलेल्या एका पोरीने त्यांच्या देखत त्यांचं चांदीचं बोंडलं टेबलावरून उचललं, डोळ्याजवळ धरून त्याच्या चोचीतून आरपार पाहिलं आणि परत ठेवत म्हटलं, "अज्जी, तपासणी होईपर्यंत हे बंद ठेवूया."

पोरीचं नाव धनलक्ष्मी. तान्ह्या बाळांना गिळायला त्रास होतो का, ते बघणारी थेरपिस्ट. असला काही व्यवसाय असतो हेच कल्पनाबाईंना नवीन होतं. गिळायला शिकवणार म्हणे. उद्या जांभई द्यायला क्लास लावतील.

आणि बंद कुणाचं बोंडलं? विमान कारखान्याच्या कॉलनीत जाऊन विचारा म्हणावं. कल्पनाबाई नवऱ्याबरोबर सांगलीहून बेंगळुरूला आल्या तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली ते बोंडलं होतं. त्यांच्या सुमंतने त्याच्यातून दूध प्यायलं, शेजारच्या तमिळ बाईंच्या जुळ्यांनी प्यायलं, वरच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सच्या मुलीनेही प्यायलं, आणि ती तर स्वतः नर्स. पाय लांब सोडून बसायचं, पोर नडग्यांवर उताणं घ्यायचं, डोकं पावलांकडे, आणि गालाच्या आतल्या बाजूला बारीक धार सोडायची. नाक दाबून पाजणाऱ्या बाया वेगळ्या, कल्पनाबाई त्यांना कसाई म्हणत. त्यांचा हात हलका होता. पोर कुणाचंही असो, रडत येई आणि ढेकर देऊन जाई, आणि कोणाच्या पोराला आपला हात लागलाय, याचा हिशोब कल्पनाबाईंच्या मनात पक्का असे. पुढे त्या पोराच्या मुंजीत किंवा नाचाच्या आरंगेट्रममध्ये आपल्याला कितव्या रांगेत बसवलं, ते त्या हिशोबाशी ताडून पाहिलं जाई.

आणि या सगळ्या पोरांत सरस निघाला तो त्यांचा स्वतःचा नातू. ध्रुव दिवस भरायच्या आधीच आला, मुठीएवढा. काचेच्या पेटीतून घरी आला तेव्हा सगळे श्वास रोखून वावरत होते. आईच्या अंगावर प्यायला लागला की दमायचा, अर्ध्यातच झोपायचा. मग कल्पनाबाईंनी ट्रंक उघडली. बोंडल्यातून ध्रुव असा प्यायला की बघत राहावं. हू नाही की चू नाही. एकदाही ठसका नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या पाजून दाखवत.

"बघा, डोळे कसे मोठे करतो. पाणावतात सुद्धा, इतकं गोड लागतं त्याला. आणि बोटं बघा, फुलासारखी उघडतात."

पाहुणे म्हणत, भारी गुणी बाळ. कल्पनाबाई म्हणत, बाळ गुणी असतंच हो, हात पाहिजे.

एकच खोट होती. या गुणी बाळाच्या छातीत कफ साठायचा. सहा महिन्यांच्या आत दोनदा न्यूमोनिया झाला, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, सुईने हाताची लोण्यासारखी कातडी काळीनिळी झाली. आरोपी पुष्कळ होते. व्हाइटफील्डची धूळ होती. मुलगा-सुनेच्या ज्या बाराव्या मजल्यावरच्या घरात आता सगळे एकत्र राहत होते तिथला वारा होता. सुमंतच्या ऑफिसच्या कॅबमधला एसी, जो तो म्हणे कपड्यांतून घरी आणत होता. आणि सगळ्यांच्या वर सून प्रणिता होती, जी निपाणीची होती, भर दुपारी दही खायची आणि वर पाजायला बसायची.

"दह्याने न्यूमोनिया होत नाही, आई," प्रणिता म्हणायची.

"तुला झालाय का कधी?"

"नाही."

"मग तुला काय माहीत."

प्रणिता वाद घालणारी नव्हती. एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये तिने कन्नड-मराठी दोन्ही बाजूंचे शिव्या देणारे ग्राहक सांभाळले होते, त्यामुळे समोरच्याला बोलून दमू द्यायचं आणि मग आपलंच वाक्य तिसऱ्यांदा तसंच्या तसं म्हणायचं, ही तिची रीत होती. तिचं वाक्य असं होतं: "दूध प्यायल्यावर त्याचा आवाज ओला होतो."

"ओला म्हणजे?"

"घशात पाणी ठेवून बोलल्यासारखा. आणि पिताना मध्येच श्वास थांबतो. मी बघितलंय."

"पिताना कोण श्वास घेतं?" कल्पनाबाईंनी विचारलं. त्यांचे पती दामोदरपंत पेपरमागून म्हणाले, "सगळेच घेतात, आलटून पालटून," आणि कल्पनाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पेपर परत वर गेला.

वाक्य तसंच राहिलं असतं, पण दुसऱ्या खेपेला हॉस्पिटलमधून सोडताना तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने ते ऐकून घेतलं आणि धनलक्ष्मीचा नंबर लिहून दिला. तोपर्यंत घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांनी दरवेळी एकच प्रश्न विचारला होता, पिताना खोकतो का. आणि प्रणिताने तोंड उघडायच्या आत कल्पनाबाई अभिमानाने सांगत, कधीच नाही, डॉक्टर, एकदासुद्धा नाही. मग दूध छातीत जायचा प्रश्नच नाही, म्हणत डॉक्टर ॲलर्जीचं औषध लिहीत. त्यावर शिक्का मारला तो वादिराजअण्णांनी. कॉलनीच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं दवाखाना चालवलेले, आता निवृत्त, पण कुणालाही तपासल्याशिवाय चहा न पिणारे. त्यांनी ध्रुवच्या छातीला कान लावला, बोंडल्याचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि निकाल दिला, "वहिनी, श्वासनळीत पाण्याचा थेंब गेला तर माणूस घर डोक्यावर घेतो. हा पोरगा हसतोय. निपाणीकरांना सांगा, स्वल्प धीर धरा."

निपाणीकर स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी धनलक्ष्मीला फोन लावला.

तर असं ते बोंडलं बंद झालं. धनलक्ष्मी गेल्यावर कल्पनाबाईंनी पदर खोचला.

"माझ्या हातात दोष आहे असं म्हणायचंय का तुला?"

"हाताचं कोण बोलतंय, आई? त्याच्या घशाचं बोलतोय आपण."

"घसा माझ्या मुलाचाही होता. या खुर्चीवर बसलाय बघ. तगडा झालाय, वर मला उलट बोलतो."

सुमंतने लॅपटॉपवरून मान वर केली. "मी काहीच बोललो नाही, आई."

"तेच म्हणतेय. बोल की काहीतरी."

सुमंतने मान परत लॅपटॉपमध्ये घातली. घरात दोन बाजू असल्या की तो मधली जागा पकडून बसत असे आणि तिला समंजसपणा म्हणत असे. शेवटी सौदा प्रणितानेच मांडला. हेब्बाळच्या बाजूला एका हॉस्पिटलात बाळ गिळत असताना एक्सरेचा चालता फोटो काढतात. दूध कुठल्या वाटेने जातं ते पडद्यावर दिसतं. "तिथं ठीक दिसलं तर बोंडलं तुमच्या हातात. मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. ठीक दिसलं नाही तर तुम्ही काढायचा नाही. पण आई, आणखी एकदा न्यूमोनिया झाला तर फुप्फुसाला कायमचा डाग राहील, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते डोक्यात ठेवून काय ते ठरवा."

कल्पनाबाईंनी ठरवलं. हा त्यांचा विजय होता, फक्त जाहीर व्हायचा होता. आणि धनलक्ष्मीने फोनवर सांगितलेली अट ऐकून तर त्यांना हसूच आलं. बाळ रोज ज्याच्यातून पितं ते भांडं आणा, आणि जे पाजतात त्यांनीच पाजायला या.

"म्हणजे मलाच बोलावलंय," त्यांनी दामोदरपंतांना सांगितलं. "बंद करवणाऱ्या बाईला शेवटी माझाच हात लागला."

हेब्बाळला जायला कॅबमध्ये सकाळ गेली. उड्डाणपुलाच्या अलीकडे गाड्या अशा थांबल्या की शेजारच्या रिक्षातल्या माणसाने सगळा पेपर वाचून संपवला. कल्पनाबाईंच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत नव्या पंच्यात गुंडाळलेलं, चिंचेने घासून लखलखीत केलेलं बोंडलं. परीक्षेला निघालेल्या हुशार मुलासारखं.

आतल्या खोलीत त्यांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत येणारा जड एप्रन चढवला. शिसं असतं त्यात, धनलक्ष्मी म्हणाली. एक्सरेचं यंत्र बाजूने होतं आणि समोर पडदा. दुधात एक पांढरी पूड कालवली, ती पडद्यावर काळी दिसते म्हणे. ध्रुवला घरच्यासारखंच उताणं घेतलं. प्रणिता काचेपलीकडे उभी होती, तोंडावर हात धरून.

"नेहमीसारखं पाजा, अज्जी. काही वेगळं करू नका."

कल्पनाबाईंनी नेहमीसारखं पाजलं. गालाच्या आत बारीक धार. त्यांचं लक्ष नातवाच्या तोंडाकडे होतं. त्याने डोळे मोठे केले, ते पाणावले, बोटं फुलासारखी उघडली. हू नाही की चू नाही. त्यांनी विजयाने पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर नारळाएवढी कवटी, तिच्याखाली बारकासा घसा. काळी धार जिभेवरून मागे उतरली. पुढे दोन वाटा. मागची अन्नाची, पुढची श्वासाची. हे धनलक्ष्मीने आधीच दाखवून ठेवलं होतं, म्हणून कल्पनाबाईंना कुणाला काही विचारावं लागलं नाही. धारेचा मोठा भाग मागच्या वाटेने गेला. आणि एक बारीक, केसाएवढी रेघ फुटून पुढच्या वाटेला लागली, आणि आपल्याला कुणी बघत नाही अशा बेतात, सावकाश, खाली खाली गेली.

त्यांनी बोंडलं बाजूला घेतलं. ध्रुव त्यांच्याकडे बघत होता, ओल्या डोळ्यांनी, शांत. गुणी बाळ.

"पुन्हा दाखवा," कल्पनाबाई म्हणाल्या.

धनलक्ष्मीने चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं. रेघ पुन्हा गेली.

"यंत्र बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, अज्जी."

"मग तो खोकला का नाही?" आवाज इतका चढला की यंत्र चालवणारा माणूस दचकला. "पाण्याचा थेंब गेला तर माणूस घर डोक्यावर घेतो. मी विचारते, हा खोकला का नाही?"

धनलक्ष्मीने आधी बाळ प्रणिताकडे दिलं. मग ती स्टूल ओढून कल्पनाबाईंच्या समोर बसली आणि कन्नडमध्ये सांगू लागली. कल्पनाबाईंचं कन्नड बाजारातलं असलं तरी जुनं होतं, त्यांना अक्षर न् अक्षर कळलं.

"माणूस घेतो, अज्जी. बाळ घेतंच असं नाही. आपल्याला वाटतं खोकला जन्माबरोबर येतो. पण पोटात सगळीकडे पाणीच असतं, तिथे खोकून कसं चालेल? त्यामुळे नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या श्वासनळीच्या तोंडाशी दूध आलं की ते बहुतेकदा श्वास रोखतं आणि गिळतं. खोकला मागाहून येतो, महिन्यामहिन्याने पिकत जातो. दिवस भरायच्या आधी आलेल्यांचा आणखी उशिरा पिकतो. आणि रोजच दूध त्या वाटेला जात राहिलं तर घसा बधिर होतो. तक्रार करणं सोडून देतो."

"म्हणजे हे डोळे मोठे करणं..."

"दम कोंडतो तेव्हा करतो."

"आणि बोटं."

"तेही त्याचंच सांगणं असतं. खोकता येत नाही, मग बोटांनी सांगतो."

कल्पनाबाईंनी एप्रन काढायला लावला. तो काढल्यावरही त्यांना तो अंगावरच असल्यासारखं वाटत राहिलं.

त्यानंतर धनलक्ष्मीने ध्रुवला एका कुशीवर घेऊन अगदी हळू वाहणाऱ्या बुचाच्या बाटलीने पाजलं, दोनचार घोट झाले की बाटली खाली, श्वास, मग पुन्हा. धार मागच्या वाटेने गेली. कल्पनाबाईंनी ते काचेपलीकडून पाहिलं. त्यांच्या शेजारी प्रणिता रडत होती आणि ते लपवत नव्हती.

परतीच्या कॅबमध्ये पंच्यातलं बोंडलं पायाशी होतं. पूल आला. मग प्रणिता म्हणाली, "मी सांगत होते."

"हो. सांगत होतीस."

माफी मागणं हा प्रकार कल्पनाबाईंच्या घराण्यात चालत आलेला नव्हता. कुणाचं चुकलं हे सिद्ध झालं की त्या भांडायच्या, आणि आपलंच चुकलं हे सिद्ध झालं तर दुसऱ्या कुणाशी तरी भांडायच्या. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकला लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने उचलला.

"डॉक्टरांना निरोप द्या. बाळ पिताना खोकतं का, एवढं विचारून थांबू नका म्हणावं. आवाज ओला होतो का विचारा. दम कोंडतो का विचारा. आई काय म्हणते ते विचारा, आजीला विचारू नका. आजीला काही कळत नाही."

"मॅडम, अपॉइंटमेंट हवी आहे का?"

"निरोप लिहून घ्या म्हटलं ना."

"उद्या साडेअकराचा स्लॉट आहे, मॅडम."

कल्पनाबाईंनी फोन ठेवला. प्रणिताने खिडकीकडे तोंड वळवलं, कारण तिला हसू आलं होतं आणि ते अशा वेळी दाखवणं बरं दिसलं नसतं.

घरी दामोदरपंतांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची उभी हयात कारखान्यात हायड्रॉलिक्सच्या विभागात गेली होती. "म्हणजे झडप वेळेवर मिटत नाही," ते म्हणाले. "आणि अलार्मही वाजत नाही. विमानात असं झालं असतं तर सगळा ताफा जमिनीवर ठेवला असता."

"मग इथं का नाही ठेवला?" कल्पनाबाई कडाडल्या. "घरात एवढे इंजिनियर. बापाच्या ऑफिसात सर्व्हरला शिंक आली तर मोबाइल वाजतो. माझ्या नातवाच्या छातीत दूध जातंय आणि सगळं गाव म्हणतं, गुणी बाळ. गुणी कशाचं? त्या लेकराला बोंबलायला येत नव्हतं आणि मी लोकांना बोलावून बोलावून दाखवत होते."

कल्पनाबाई आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या चांदीच्या चोचीतून बाल्कनीतल्या तुळशीला पाणी पडू लागलं. धार छान बारीक पडते, त्या म्हणाल्या, आणि तुळशीला श्वासनळी नसते.

पुढचे दोन महिने घर ध्रुवच्या घशाभोवती फिरलं. कुशीवर, हळू बूच, घोट, विसावा. पाजणं आता प्रणिताच्या हातात होतं आणि शेजारी बसून कान लावणं सासूच्या. "थांब. ओला झाला." "थांब, नाकपुडी फुलली." कॉल सेंटरमधल्या प्रणितालाही असा कडक सुपरवायझर कधी भेटला नव्हता. पण कफ हळूहळू ओसरला आणि तिसरा न्यूमोनिया आला नाही. आठवा महिना लागला तसा धनलक्ष्मीने चमचा सुरू करायला सांगितला. पातळ काही नको. चमचा उलटा केला तरी पडणार नाही इतकं घट्ट. तिने सुचवली ती रागीची सरी, नाचणीचं सत्त्व शिजवून केलेली, जी अख्ख्या कर्नाटकात बाळं खातात.

नाचणी म्हणजे आजारी माणसाचं आणि शेतावरच्या गड्याचं खाणं, हे कल्पनाबाईंचं जुनं मत. उष्टावणाला केशराची खीर लागते. मामाने सोन्याच्या अंगठीने चाटवायची, मग आत्या, मग आजी, मग आलागेला प्रत्येक जण, एक एक चमचा आशीर्वाद. आणि खीर पातळ असते. कल्पनाबाईंनी विचार केला, आणि मग स्वतःच्या हाताने घट्ट रागी ढवळली. गुठळी होऊ दिली नाही.

उष्टावणाच्या सकाळी त्या दारातच उभ्या राहिल्या. कॉलनीतली जुनी मंडळी लांबून आली होती. प्रत्येकाला चप्पल काढता काढता तंबी मिळत होती.

"बाळाच्या तोंडात कुणी काही घालायचं नाही. खीर तुमच्यासाठी आहे. मामा सरी भरवेल, तीही आई सांगेल तेवढीच. आशीर्वाद डोक्यावर हात ठेवून द्या."

"एवढंसं बोट चाटवलं तर?" एका बाईंनी विचारलं.

"तर ते बोट घेऊन घरी जा."

निपाणीहून मामा आला होता, प्रणिताचा भाऊ पिराजी, तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे मुनीम, नव्या शर्टाच्या घड्या तशाच. तो चमचा असा धरून बसला होता की जणू त्यात जिवंत काहीतरी आहे.

"अक्का, एवढं पुरं का?"

"अर्धं घे," प्रणिता म्हणाली.

"मामाचा मान आणि अर्धा चमचा, काय की." तरी त्याने अर्धाच घेतला. ध्रुवने तोंड वेडंवाकडं केलं, जीभ बाहेर काढली, सरी हनुवटीला लागली, आणि मग त्याने विचार करून उरलेली गिळली. सगळे हसले. कल्पनाबाई हसल्या नाहीत, त्या ऐकत होत्या. ध्रुवने हुंकार दिला. आवाज कोरडा.

तेव्हा कुठे त्या पाट सोडून पानं घ्यायला आत गेल्या. तेवढा वेळ पुरला.

वादिराजअण्णा देवासमोर बसले होते. पूजा त्यांनीच सांगितली होती. सगळ्यांना तीर्थ देऊन झालं होतं. खीर द्यायची नाही हे त्यांनी ऐकलं होतं, जरा नाराजीने पाळलंही होतं. पण तीर्थ हे काही खाणं नव्हे. त्यांच्या लेखी ते पातळ नव्हतं आणि घट्टही नव्हतं, देवाचं होतं. ध्रुव पिराजीच्या मांडीवर तोंड उघडून बसलेला दिसला, आणि त्यांनी पुढे वाकून पळीभर तीर्थ त्याच्या तोंडात सोडलं.

प्रणिता किंचाळली. कल्पनाबाई हातातली पानं टाकून धावल्या.

ध्रुवचे डोळे मोठे झाले. बोटं उघडली. ती सगळी ओळखीची खूण कल्पनाबाईंनी दारातून पाहिली, आणि त्यांच्या छातीत ती केसाएवढी रेघ खाली खाली जाऊ लागली.

आणि ध्रुव खोकला.

लहानसा, फुटक्या भोंग्यासारखा. मग पुन्हा. मग चेहरा लालबुंद करून, सगळं अंग गोळा करून, असा खणखणीत ठसका दिला की तीर्थ नाकातोंडातून उडून अण्णांच्या उपरण्यावर पडलं.

सगळीकडे गडबड उडाली. कुणी टाळूवर फुंकर घालू लागलं, कुणी वर बघ वर बघ म्हणू लागलं, कुणी पाणी आणायला धावलं. पिराजी घाबरून पाठ थोपटायला लागला. "अक्का, ठसका लागला की याला."

"हात काढ," कल्पनाबाई म्हणाल्या. "कुणी हात लावायचा नाही. फक्त पुढे वाकवून धर. खोकू दे त्याला."

"अहो वहिनी, पोर लाल झालंय."

"होऊ दे. खोकू द्या म्हणते ना."

ध्रुव खोकत राहिला आणि कल्पनाबाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून ऐकत राहिल्या, एखादी बाई बैठकीत गाणं ऐकते तशा, प्रत्येक जागेला मान हलवत. शेवटी तो थांबला, दीर्घ श्वास घेतला, आणि मग जे काही झालं त्याबद्दल घर डोक्यावर घेऊन रडला. प्रणिताने त्याला उचलून खांद्याशी धरलं आणि त्याच्या तोंडाशी कान नेला. सासूने डोळ्यांनीच विचारलं.

"कोरडा आहे, आई," प्रणिता म्हणाली. "कोरडा रडतोय."

कल्पनाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराला हात पुसत उठून उभ्या राहिल्या.

वादिराजअण्णा उपरणं झटकत होते. वातावरण निवळलेलं पाहून त्यांना धीर आला. "काही झालं नाही. उलट बघा, खोकला मोकळा झाला पोराचा. तीर्थाचा गुण म्हणायचा."

"अण्णा, पळी द्या इकडे."

"अहो, देवाचं..."

"देवाने त्याला ठसका दिला तो तुमच्यापासून वाचायला. पळी द्या."

अण्णांनी पळी दिली. त्रेचाळीस वर्षांच्या घरोब्यात वहिनींनी त्यांना असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"दोन महिन्यांपूर्वी हेच पाणी मुकाट आत गेलं असतं," कल्पनाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही म्हणाला असता, गुणी बाळ. मीही म्हणाले असते. तेच तर." त्यांचा आवाज जरासा फाटला, त्यांनी तो पुन्हा चढवला. "आणि सांगून ठेवते, एक ठसका आला म्हणून सगळं झालं नाही. प्रणिता, त्या धनलक्ष्मीला फोन लाव. काय प्यायला, कसा खोकला, सगळं सांग. पुन्हा यंत्राखाली घालायचं तर कधी, ते विचार."

प्रणिता एका हाताने फोन शोधत होतीच. धनलक्ष्मीने ऐकून घेतलं, खोकला येणं ही फार चांगली गोष्ट आहे म्हणाली, उद्या ताप आला किंवा श्वास भराभर झाला तर लगेच आणा म्हणाली, आणि पातळ काही अजून नको, कुणी काहीही म्हटलं तरी नको, असं बजावलं. प्रणिताने फोन स्पीकरवर ठेवला होता. कुणी काहीही म्हटलं तरी, हे शब्द खोलीत सगळ्यांना नीट ऐकू गेले.

"अज्जींना द्या फोन," धनलक्ष्मी म्हणाली. "अज्जी, कसा वाटला खोकला?"

"सणसणीत," कल्पनाबाई म्हणाल्या. "सांगलीचा वाटला."

पानं मांडली गेली. अण्णांना त्यांच्या नेहमीच्या जागी, पहिल्या पाटावर बसवलं, कारण मान तो मान. पण खिरीचं पातेलं घेऊन प्रणिता त्यांच्यापाशी आली तेव्हा सासूने तिला हाताने थांबवलं.

"अण्णांना खीर नको. सरी वाढ त्यांना," कल्पनाबाई म्हणाल्या. "घट्ट आहे. निपाणीकरांच्या हिशोबाने."